मास्तरीणबाईंचं विकायला काढलेलं घर

आमच्या शिलाई कारखान्यात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. नव्या पोरींना आधी वाटतं की या कुठल्या तरी शाळेतून निवृत्त होऊन इथे आल्या असतील. शाळेचा आणि त्यांचा काही संबंध नाही. त्या कटिंग मास्तर आहेत. हॉस्पिटलचे पडदे, नर्सबाईंचे एप्रन, चादरी, जे काही शिवायला येतं त्याचं कापड आधी त्यांच्या टेबलावर पडतं. कात्री चालवताना त्या बोलत नाहीत. बोलायचं असलं की कात्री खाली ठेवतात. माझं मशीन त्यांच्या टेबलाला लागूनच आहे, त्यामुळे त्यांची कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला की मी मशीनच्या पायट्यावरून पाय उचलते. इतक्या वर्षांची सवय.

घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले, धाकटीला यांनीच वाढवलं. लहानपण सगळं भाड्याच्या खोल्यांत गेलं. मालकाचा मुलगा लग्नाला आला की सामान उचला, मालकिणीशी नळावरून वाजलं की सामान उचला. म्हणून धाकटीला नोकरी लागल्यावर दोघींनी मिळून घर घेतलं. गल्लीच्या टोकाला, खाली दोन खोल्या, वर एक, मागे दोन चादरी वाळत घालता येतील एवढं अंगण. घराण्यात कुणाच्या नावावर घर झालं ते पहिल्यांदा. मास्तरीणबाईंनी त्या दिवशी कारखान्यात कुणाला काही सांगितलं नाही, पण दिवसभर गुणगुणत होत्या, त्यावरून आम्ही ओळखलं.

पहिलं घर घेणाऱ्याचं जे होतं तेच त्यांचंही झालं. घर घेण्यातच सगळी ताकद संपली. मग जे बिघडेल त्याच्याशी जुळवून घ्यायचं. स्वयंपाकघराची खिडकी खालून गुडघा मारल्याशिवाय उघडत नसे. न्हाणीघराचा नळ उलटा पिळला की बंद व्हायचा. वरच्या जिन्याची एक पायरी करकरायची, आणि मागच्या खोलीच्या भिंतीला कायमची ओल. रंगाचे पोपडे पडायचे, दोघी ते झाडून टाकायच्या. "बघू नंतर" म्हणत वर्षं गेली.

त्या वर्षी थंडी सरत आली होती तेव्हा धाकटीने जेवताना विषय काढला.

"ताई, घर विकू या."

तिचं लग्न ठरलं होतं. ती प्रवासी कंपनीत तिकिटं काढायची, तिथेच वरच्या हुद्द्यावर असलेला एक जण तिला आवडला होता. मास्तरीणबाईंनाही तो बरा वाटला होता. कमी बोलायचा, चपला नीट काढून ठेवायचा.

"विकून मी कुठे जाऊ?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कुठे म्हणजे? माझ्या शेजारी. एकाच इमारतीत, तळमजल्यावर, दोन घरं घेऊ. तुझे गुडघे बघ, जिना चढताना तोंड किती वाकडं करतेस. मधे एक भिंत, बस्स. मी ठोकलं की तू आलीस."

मास्तरीणबाई हे दुसऱ्या दिवशी मला सांगत होत्या तेव्हा कात्री खाली होती आणि चेहरा असा होता की मला हसूच आलं. गुडघ्यांची काळजी कुणी केली नव्हती त्यांची. आठवडाभर त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, "विकायचं तर नीट करून विकायचं. उसवलेला एप्रन इस्त्री करून देत नाही आपण."

धाकटी म्हणाली, "अगदी बरोबर. तू घर बघ, गिऱ्हाइकं मी बघते."

अशी वाटणी झाली.

झाडांना पालवी फुटायला लागली होती, हवा कोरडी होती, रंगकामाला असेच दिवस लागतात. मास्तरीणबाईंनी कामाचा असा धडाका लावला की विचारू नका. कारखाना सुटला की घरी, रविवारी सकाळपासून. मी रविवारी जायची, घरी बसून नवऱ्याचं घोरणं ऐकण्यापेक्षा ते बरं. आम्ही दोघींनी मिळून खिडक्यांच्या चौकटी काचकागदाने घासल्या. बिजागऱ्यांना तेल दिलं. फुगलेलं लाकूड त्यांनी इतकं बेतानं रंधलं की स्वयंपाकघराची ती खिडकी एका बोटाने उघडायला लागली. पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यांनी सवयीने गुडघा मारला आणि तोल जाऊन ओट्यावर आपटल्या. दोघी हसून हसून जमिनीवर बसलो.

भिंतीचं काम मात्र मोठं होतं. गवंड्याला बोलावलं तर तो "उद्या येतो" म्हणाला. त्याच्या उद्याची वाट बघता बघता आम्ही न्हाणीघराच्या फरशांच्या सगळ्या फटी भरून काढल्या. शेवटी उगवला. शिडी लावून वर चढला, छपराच्या कडेची पन्हळ बघितली आणि वरूनच ओरडला, "बाई, इथे बागच केलीय तुम्ही!" पन्हळीत पानं कुजून त्यांची माती झाली होती, तिच्यात गवत उगवलं होतं, आणि गवतात कुणाच्या तरी पोराचा एक चेंडू. पाणी पुढे जायला जागाच नाही, म्हणून ते सगळं भिंतीत उतरायचं. सांधाही फुटला होता.

"इतकी वर्षं भिंतीला नावं ठेवली हो मी," मास्तरीणबाई म्हणाल्या, "बिचारीचा काय दोष!"

पन्हळ साफ केली, सांधा बदलला. भिंतीचा सगळा भुसभुशीत गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या आणि तशाच वाऱ्यावर वाळू दिल्या. गवंड्याला घाई होती, पण यांनी त्याला हात लावू दिला नाही. पुरती वाळल्यावर नवा गिलावा, मग लांबीचा हात, मग रंग. आणि रंगाच्या आधी त्यांनी एक परीक्षा घेतली. गवंडी छपरावर उभा राहून बादल्यांनी पाणी ओतत होता, त्या खालून बादल्या भरून देत होत्या, आणि मी आत भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी.

"काय?" बाहेरून हाक.

"कोरडी!"

"अजून ओता हो! आता?"

"कोरडी ठणठणीत!"

आत आल्यावर त्यांनी स्वतः गाल लावून बघितला. खोटं सांगत नाही, गाल लावला भिंतीला.

धाकटी संध्याकाळी कामावरून यायची आणि घरभर फिरून बघायची. "वा ताई! ताई, हे तू केलंस?" मोबाइलवर फोटो काढायची. रंगाचे नमुने तिनेच आणून दिले. बाहेरच्या दाराला कुठला रंग यावर दोघी बहिणी जमिनीवर नमुने पसरून तास तास वाद घालायच्या. एकदा तर धाकटीने माझं मत विचारलं, मी तिच्या बाजूने बोलले, तर मास्तरीणबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. शेवटी दाराला निळा रंग दिला. ताईच्या मनासारखा. धाकटीनेच स्वतः शेवटचा हात मारला.

हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. त्या घरात तेव्हा जे होतं ते खोटं आहे असं कुणाला वाटलं नसतं. मला वाटलं नाही, आणि मी काही भोळी नाही.

मग माणसं घर बघायला यायला लागली. सगळ्यात आधी आले ते एक जोडपं. तो बस चालवायचा, ती हॉस्पिटलात नर्स, दिवस गेलेले. तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली, लावली, परत उघडली. "किती हलकी आहे," म्हणाली. मास्तरीणबाई अशा फुलल्या की त्यांनी त्यांना पन्हळीपासून जिन्यापर्यंत सगळं दाखवलं. तो नवरा वरच्या खोलीत उभा राहून हातांनी हवेत पाळणा कुठे येईल ते मोजत होता. जाताना म्हणाले, "आम्हाला पसंत आहे. चार दिवसांत येतो." धाकटी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली.

चार दिवस गेले. ते आले नाहीत, निरोपही नाही.

मग एक दुकानदार आला. मग एक बाई आपल्या सुनेला घेऊन आली. दरवेळी तेच. घर बघताना तोंडभर कौतुक, धाकटी कोपऱ्यापर्यंत सोडायला जाणार, आणि त्यानंतर चिडीचूप.

"काय म्हणाले गं?" मास्तरीणबाई विचारायच्या.

"लोक असेच असतात ताई. समोर गोड बोलतात."

मास्तरीणबाईंनी त्याचा अर्थ असा लावला की आपल्याच कामात खोट आहे. कारखान्यात कात्री खाली ठेवून मला विचारायच्या, "जिना अरुंद वाटत असेल का हो?" मग पायऱ्यांना पट्ट्या बसवल्या. "अंगण उजाड दिसतं का?" मग कुंड्या आणल्या. एका रविवारी मी गेले तर त्या बाहेरचं दार घासत बसल्या होत्या. तो निळा रंग.

"हे काय?"

"फार भडक झालं होतं. घरात शिरायच्या आधीच माणूस बिचकत असेल."

"अहो, चांगलं तर दिसत होतं!"

"तुम्ही माझं मन राखता," म्हणाल्या आणि घासत राहिल्या. धाकटी आत होती. खिडकीतून बघत होती. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "ताई, राहू दे ना आता," आणि परत आत गेली. तेव्हा मला वाटलं, बहिणीचा जीव तुटतोय.

त्याच सुमाराला आमच्याकडे हॉस्पिटलच्या नव्या वॉर्डाच्या पडद्यांचं काम आलं. मापं घ्यायला मास्तरीणबाई स्वतः जातात, टेपचं दुसरं टोक धरायला मी. वॉर्डात खाटा अजून रिकाम्या होत्या. चादरी घालत होती ती नर्स वळली आणि आम्हाला बघून थबकली. तीच ती. पोट आता चांगलं दिसत होतं.

"मावशी, तुम्ही!" ती म्हणाली. मग ओशाळून, "रागावू नका हं. आम्ही परत आलोच नाही."

"त्यात काय रागवायचं? घर ज्याला त्याला पटायला पाहिजे."

"पटलं होतं हो! अजून आठवतं ते. पण तुमच्या बहिणीने खरं काय ते सांगितलं म्हणून बरं. नाहीतर बाळाला घेऊन ओलीत…"

"कसली ओल?"

नर्सने माझ्याकडे बघितलं. आपण काहीतरी बोलून गेलो हे तिला कळलं होतं, पण आता थांबणार कशी?

"मागच्या भिंतीची. आतून कुजलीय म्हणाल्या. वरून रंग लावून झाकलीय. कोपऱ्यावर आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं त्यांनी."

"आणखी काय सांगितलं?"

"जाऊ द्या ना मावशी."

"बोल, बाळ."

"म्हणाल्या, ताईला विचारू नका, ती कबूल करणार नाही. घर खपवायचंच असं तिने मनात घेतलंय. पण वाईट नाही हो ती, वय झालंय, असं म्हणाल्या."

मास्तरीणबाईंनी टेप हातात धरलेली होती. ती त्यांनी खिडकीला लावली. "धरा," मला म्हणाल्या. मी धरली. वॉर्डाच्या सगळ्या खिडक्यांची मापं त्यांनी घेतली. ते पडदे नंतर मीच शिवले, म्हणून सांगते, एक माप इकडचं तिकडे नव्हतं. निघताना नर्सला विचारलं, "मग घर मिळालं का तुम्हाला?"

"मिळालं. एवढं छान नाही, पण मिळालं."

"चांगलं झालं," म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही हात लावला होता ना भिंतीला?"

"लावला होता की."

"ओल होती का?"

"मास्तरीणबाई, कोरडी ठणठणीत होती. तुम्ही गालसुद्धा लावला होता."

"हो. लावला होता." मग म्हणाल्या, "माझं काही चुकत असेल असं वाटलं, म्हणून विचारलं."

मला तेव्हा धाकटीचा इतका राग आला की ती समोर असती तर काय केलं असतं सांगता येत नाही. सख्ख्या बहिणीच्या कामाची कोपऱ्यावर उभं राहून निंदा करायची, वर तिलाच लबाड ठरवायचं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला बरोबर नेलं. म्हणाल्या, "मी एकटी असले तर रडेन, आणि मी रडले की तिचं काम सोपं होईल."

धाकटी नुकतीच आली होती, चहा टाकत होती. आम्हाला बघून तिने आणखी पाणी घातलं. मास्तरीणबाई बसल्या नाहीत.

"हॉस्पिटलात ती नर्स भेटली."

धाकटीचा हात साखरेच्या डब्यावर होता, तो तिथेच राहिला. इतकी वर्षं सुयांशी काम करणारी बाई मी, बारीक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. तिने "कुठली नर्स" असंसुद्धा विचारलं नाही.

"भिंत कुजली आहे का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

धाकटीने गॅस बंद केला. मग सगळं बाहेर आलं, एकदम नाही, ओढून ओढून. या घराच्या शेजारच्या दोन्ही जागा एका बिल्डरने आधीच घेतल्या होत्या. त्याला ही तिसरी हवी होती. घर नको होतं, जमीन हवी होती. घर तो पाडणार होता. होणाऱ्या नवऱ्याच्या ओळखीतून गाठ पडली होती, थंडीतच शब्द दिला होता. विकायचा विषय ताईकडे काढला त्याच्याही आधी.

"आणि ती शेजारशेजारची दोन घरं?"

"त्याची बदली झालीय ताई. दुसऱ्या शहरात. आम्ही तिकडे एक घर… तुझ्यासाठी मी इथे बघणारच होते. चांगलं बघणार होते."

मास्तरीणबाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"पाडायचं होतं तर मला रंग कशाला लावायला दिलास?"

धाकटीने साखरेचा डबा बंद केला.

"अगं, तू नमुने आणलेस रंगाचे. माझ्याशी भांडलीस रंगावरून."

"तू रिकामी बसली असतीस तर रोज विचारलं असतंस. कोण बघून गेलं, कुठे घर घ्यायचं, चल बघायला जाऊ. तू कामात होतीस आणि… खूश होतीस ताई. इतकी खूश तुला मी कधी बघितली नव्हती. मला वाटलं, होऊ दे."

"आणि ती माणसं बघायला का आणत होतीस?"

"मी नव्हते आणत. तूच गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस, ती येत होती. तू कुणाला तरी हो म्हटलं असतंस म्हणून मला…"

"म्हणून मला लबाड केलंस."

धाकटी रडायला लागली. मास्तरीणबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "एक सांग. तू सरळ येऊन म्हणाली असतीस, ताई, घर पाडायला द्यायचंय, मला लांब जायचंय. मला वाईट वाटलं असतं, पण मी सही केली असती. एका शब्दावर केली असती. हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," धाकटी म्हणाली. मग डोळे पुसून, पहिल्यांदाच ताईकडे सरळ बघून म्हणाली, "म्हणूनच नाही सांगितलं. आयुष्यभर तू माझ्यासाठी सोडत आलीस. कॉलेज तुझ्यामुळे, नोकरी तुझ्यामुळे, घर तुझ्यामुळे. आणखी एक उपकार मला नको होता. एकदा तरी काहीतरी माझं मी करायचं होतं."

मला वाटलं आता मास्तरीणबाई हात उगारतील. त्यांनी पर्स उचलली.

"चला, तुम्हाला बसस्टॉपपर्यंत सोडते," मला म्हणाल्या. बस आली तेव्हा माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं ते तिला ओझं वाटत होतं, हे मला कधी दिसलंच नाही हो." मी बसमध्ये चढले.

बिल्डरच्या कागदांवर त्यांनी सही केली नाही. त्याचा माणूस एकदा आला, हसतमुख, हातात लांब टेप. फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत बाहेरून मोजून गेला. "आत येऊन बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या, तर तो म्हणाला, "आतलं काय करायचंय बाई!" त्यांनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की परत येऊ नका. धाकटी त्याआधीच मैत्रिणीकडे राहायला गेली होती. तिचं लग्न सरकारी कचेरीत नोंदवलं गेलं. मास्तरीणबाई गेल्या, इस्त्रीचे कपडे घालून, आणि साक्षीदार म्हणून सही केली. धाकटीने वाकून त्यांचे हात हातात घेतले, तेव्हा त्यांनी घेऊ दिले. मग तिथून थेट कारखान्यात आल्या, अर्ध्या दिवसाचं काम केलं.

तो उन्हाळा त्या एकट्याच त्या घरात राहिल्या. सगळं नीट झालेलं घर. नळ सुलट बंद व्हायचा, खिडकी बोटाने उघडायची, पायरी मुकी झाली होती. मला म्हणाल्या, "बघा ना, मोडक्या घरात दोघी राहिलो, आणि दुरुस्त केलं ते परक्यांसाठी." वरची खोली त्या उघडत नव्हत्या. पाऊस लागला तेव्हा मला मुद्दाम घरी नेऊन भिंत दाखवली. त्यांनी न सांगताच मी हात लावला. कोरडी.

पाऊस संपला तसं त्यांनी पुन्हा घर विकायला काढलं. मी म्हटलं, राहा ना इथेच. तर म्हणाल्या, "अर्धं तिचं आहे. तिच्या वाट्यावर बसून मला झोप यायची नाही." या वेळी गिऱ्हाइकांना त्यांनीच कोपऱ्यापर्यंत सोडलं. एक छापखानेवाला आपल्या आईला घेऊन आला होता. त्याला त्यांनी सगळं सांगितलं, झालेलं आणि होऊ शकेल तेही. "ही भिंत ओली होती. पन्हळ तुंबली की परत होईल, दरवर्षी पानं गळून गेली की साफ करायची. पटत नसेल तर बादली घ्या आणि चढा वर." आणि तो पठ्ठ्या खरंच चढला! त्याची आई आत भिंतीला हात लावून उभी राहिली. बिल्डर देत होता त्याहून कमीच मिळाले. धाकटीला फोन केला तर ती लगेच म्हणाली, "तू म्हणशील तसं, ताई."

खरेदीखताच्या दिवशी धाकटी नवऱ्याबरोबर आली. मी साक्षीला होते. कचेरीतल्या बाकावर दोघी बहिणी बसल्या, मधे एका माणसाची जागा मोकळी ठेवून. धाकटीने तिकडे नव्या नोकरीचं काहीबाही सांगितलं, यांनी "हो का" म्हटलं. नवऱ्याने सगळ्यांसाठी चहा आणला, तो सगळ्यांनी घेतला. सह्या झाल्या. किल्ल्या छापखानेवाल्याच्या आईने घेतल्या आणि पदरात बांधाव्यात तशा मुठीत घट्ट धरल्या.

बाहेर कचेरीच्या फाटकाशी धाकटी म्हणाली, "ताई, आता कुठे राहणार तू?"

"कारखान्याच्या बाजूलाच. खोली घेतलीय."

"बाजूला म्हणजे नक्की कुठे?"

"बाजूलाच."

"पत्ता दे ना ताई."

"देईन," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडायला माझा हात धरला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. धाकटीचा फोन कधीमधी कारखान्यात येतो. मी उचलते. टेबलापाशी कात्री खाली ठेवल्याचा आवाज येतो, मी तिकडे बघते, मास्तरीणबाई 'नको' अशी मान हलवतात. मी सांगते, बऱ्या आहेत. धाकटी विचारते, खोली कशी आहे? मी सांगते, तळमजल्यावर आहे, उजेड चांगला येतो. मग ती पत्ता विचारते तेव्हा मी म्हणते, थांब हं, कामाची वेळ आहे, आणि फोन ठेवते.